वत्सगुल्म : राजधानीच्या गौरवात मागे पडलेला ताम्रपट

वाशिमवरचा लेख 'प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी' या शब्दांनीच सुरू होतो, असा जणू शिरस्ता आहे. मग वत्स ऋषींची कथा, एकशे आठ तीर्थे, पद्मतीर्थ. तिथून एकदम हरिषेण व अजिंठा. शेवटी भवानी काळूने बांधलेले बालाजीचे मंदिर. या मांडणीत खोटे फारसे नाही. वत्सगुल्म या नावाची मात्र माहात्म्य एक व्युत्पत्ती सांगते आणि कामसूत्रावरील 'जयमंगला' टीका वत्स व गुल्म या दोन राजपुत्रांची दुसरीच. लेखक बहुधा पहिलीवर थांबतात. ते सोडून देऊ. खरी तक्रार अशी की, या शहराने मागे ठेवलेला सर्वांत मोलाचा ऐवज तेवढा एका ओळीत उरकला जातो. तो म्हणजे 1939 मध्ये वाशिमला मिळालेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट.

अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातला वराहदेवाचा लेख एकोणिसाव्या शतकातच वाचला गेला होता. पण दगड झिजलेला, आणि पहिल्या प्रवरसेनानंतरचे नाव बूलरने 'रुद्रसेन' असे लावले. वाशिमच्या पत्र्यांवर प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन, त्याचा मुलगा विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट आहे. तो हाती आल्यावर वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, तिथेही सर्वसेनच निघाला, आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासात स्वतंत्रपणे उभी राहिली. म्हणजे अजिंठ्याने वाशिमला मोठेपणा दिला असे आपण म्हणतो खरे. वाचनाच्या इतिहासात मात्र वाशिमने अजिंठ्याला दुरुस्त केले आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ताम्रपटाची भाषा. आरंभीची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. नांदीकड, म्हणजे आजचे नांदेड, याच्या उत्तर मार्गातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे आणि त्या गावाला मिळालेल्या सवलतींची लांबलचक यादी आहे. मिठावरचा हक्क, सोने व धान्य, फुले आणि दूध, बैल, कातडी, कोळसा यांची मागणी नाही. राजाच्या शिपायांनी गावात शिरायचे नाही, त्यांच्यासाठी खाटाही द्यायच्या नाहीत. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारचे माणूस गावात आले की काय काय द्यावे लागे, याचे इतके घरगुती चित्र दुसरीकडे क्वचितच सापडते. घराण्याची थोरवी संस्कृतात आणि ज्याचा अंमल व्हायचा तो मजकूर प्राकृतात, ही वाटणी मला योगायोगाची वाटत नाही. पुढे देवसेनाने याच वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट संस्कृतात आहे. काही पिढ्यांत दरबाराने भाषा बदलली. ही घटना एखाद्या लढाईपेक्षा लहान नव्हे, तरी आपल्या स्थानिक इतिहासांत तिच्यासाठी परिच्छेद नसतो.

सर्वसेन स्वतः प्राकृत कवी होता. सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणल्याच्या कथेवरचे त्याचे 'हरिविजय' हे काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज यांच्यासारख्यांनी घेतलेल्या उल्लेखांतून आणि अवतरणांतूनच ते ओळखायचे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मात लावले आणि 'कर्पूरमंजरी'त या नगराच्या नावाने रीती सांगितली. दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्या त्या पंडिताला हे नगर आठवते ते सैन्यामुळे नव्हे, काव्यामुळे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतर आपल्याकडे प्राकृताचे नाव वारंवार निघते. वाशिमचा ताम्रपट मराठीत आहे असे मात्र कोणी म्हणू नये. तो प्राकृत आहे, आणि त्याची मातब्बरी तेवढ्यावर पुरेशी आहे.

हंगेरीतल्या सेकेशफेहेर्वारची इथे आठवण होते. तिथे हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक होत, ते मोठे चर्च 1601 मध्ये, आत साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झाले. आज त्याचा पाया उघडा ठेवून बाग केली आहे. गेलेले गेले म्हणून दाखवतात. वाशिमला वाकाटकांचा राजवाडा दाखवता येत नाही, म्हणून आपण अजिंठ्याची छायाचित्रे छापतो.

वास्तविक दाखवण्याजोगे जवळच आहे. वाशिमनजीकच्या हिस्से बोराळा येथे देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला. त्यात शक 380, म्हणजे इसवी सन 457-58, असा उल्लेख आहे. वाकाटकांच्या लेखांत शकवर्ष देणारा हा एकमेव लेख. राजाचा आज्ञाकर स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा तलाव बांधला, असे त्यात आहे. लेखात ना युद्ध, ना दिग्विजय. एका अधिकाऱ्याने केलेली पाण्याची सोय, आणि तिचे साल.