भोपळ्यातली म्हातारी आणि आमच्याकडचा वाघ

भोपळ्यात बसून घरी येणाऱ्या म्हातारीची गोष्ट माहीत नसलेला मराठी वाचक मला अजून भेटलेला नाही. वाळून काडी झालेली म्हातारी जंगलातून लेकीच्या गावी निघते. वाटेत अडवणाऱ्या वाघाला समजावते, की आत्ता खाऊन तुझं पोट भरायचं नाही, लेकीकडे चार दिवस खाऊन जाडजूड होऊन येते. परतताना भोपळ्यात बसते आणि भोपळा वाघासमोरून घरंगळत निघून जातो.

कंपनीचं काम घरून चालतं म्हणून मी गावीच राहते, सिंदेवाही तालुक्यात. रविवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात चार ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगते. एका बाजूला पेपर वाचणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला पोलिस भरतीची पुस्तकं घेऊन बसलेली पोरं, मधल्या सतरंजीवर आम्ही. भोपळ्याची गोष्ट तिथे हमखास चालायची.

२०२५च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर मी वाघाची कुठलीच गोष्ट काढली नाही. पावसाळ्यात एका मुलीनेच ती मागितली. मी घाबरून एक रंगीत, गोंडस आवृत्ती आणली. तिच्यातला वाघ पापण्या मिचकावत हसतो आणि शेवटी म्हातारीला टाटा करतो. एका मुलाने चित्र जवळ ओढून विचारलं, "हा वाघ हाय का कुत्रा?"

त्या प्रश्नामुळे मी ही गोष्ट पहिल्यांदा नीट वाचली. तिचं सगळं यंत्र भुकेवर चालतं. वाघ भुकेला आहे हे उघड आहे, पण म्हातारीही उपाशी आहे. तिच्या अंगावर मांस नाही म्हणूनच तिचा युक्तिवाद वाघाला पटतो, आणि जाडजूड व्हायचं आमिष ती वाघाला दाखवते तेव्हा ती तिचीही इच्छा असते. त्या रंगीत आवृत्तीत म्हातारी पहिल्याच पानावर गुबगुबीत, गुलाबी गालांची आहे. मग वाघाने थांबावं कशाला? आणि वाघ इतका प्रेमळ असेल तर भोपळा तरी कशाला हवा? भीती काढायला गेलेल्यांनी गोष्टीचं कारणच काढून टाकलंय.

उपेन्द्रकिशोर रायचौधुरींच्या 'टुनटुनिर बोई' या १९१०च्या बंगाली पुस्तकात हीच म्हातारी आहे. तिथे ती नातीकडे जाते, भोपळ्याच्या जागी दुध्या आहे आणि शेवटी कोल्ह्याचा निकाल तिचे पाळलेले कुत्रे लावतात. इराणी मुलंही भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट ऐकतात. इतक्या भाषांमधून फिरूनही हा सौदा टिकलाय: दुबळ्याने बोलून मिळवलेली थोडी मुदत.

आमच्या भागाची स्वतःची वाघाची कथा मात्र वेगळी आहे. ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून आलं असं सांगतात. तो वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. त्या कथेत युक्ती नाही, मुदत नाही. माणूस हरतो आणि लोक त्याची पूजा करतात. ही कथा मुलांना मी अजून सांगितलेली नाही, पण म्हातारीची गोष्ट सांगताना ती मागे उभी असते.

कारण म्हातारीच्या गोष्टीवर माझा एक आक्षेप शिल्लक आहेच. "वाघ बोलते का जी?" असं मुलं विचारतात. मी म्हणते, गोष्टीतला बोलतो, आपल्याकडचा नाही. हे उत्तर पुरतं असं मला वाटत नाही. एका आजीने सुचवलं, वाघाऐवजी अस्वल घे. पण आमच्याकडे अस्वलाचं नावही कुणी गमतीत घेत नाही.

तरी मी जुनीच संहिता धरून आहे. म्हातारी हडकुळी, वाघ भुकेला, आणि चित्र नाहीच. चित्र नसलं की मुलं आपापला वाघ आणतात, आणि तो किती मोठा असावा हेही तीच ठरवतात. वाघ आला की सतरंजीवर एकदम शांतता होते, भरतीची पोरंही मान वर करतात. भोपळा निघाला की मुलं मला वाट सांगायला लावतात: बांधावरून, बोडीच्या पाळीवरून, शाळेच्या मागून. एकही वळण गाळलं तर चालत नाही. शेवटी कुत्रे आणावेत का, असं मी एकदा विचारलं. कुत्र्यांना तर वाघच खातो, असं उत्तर मिळालं.

ती जंगलात का गेली, हे सांगताना मी एप्रिलमध्ये नेहमीसारखं "लेकीकडे" म्हणाले. एका मुलाने दुरुस्त केलं, "नाही जी ताई, मोहा येचाले गेली असन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दिवसापासून आमची म्हातारी टोपली घेऊन निघते. भोपळा घरी पोचल्यावर एकीने विचारलं, म्हातारी उद्या पुन्हा जाईल का. मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "जाईनच ना. मोहा कोठी सरला?"