झिजलेल्या पात्याचा हिशेब

जुन्या चाकूंचा दर्दी संग्राहक मिटणारा चाकू हातात आला की तो आधी कानाशी नेतो. पाते नखाने उचलून उघडायचे, मग सावकाश मिटायचे, आणि मुठीतली स्प्रिंग शेवटच्या टप्प्यावर पात्याला आत ओढते तेव्हाचा आवाज ऐकायचा. इंग्लंड-अमेरिकेतल्या संग्राहकांच्या बोलीत याला चाकूची चाल आणि बोल म्हणतात. पाते अडखळले तर चाल वाईट. ‘टक्’ असा खणखणीत आवाज आला तर बोल चांगला. मग चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि अस्तराची पट्टी यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसते का, हे पाहायचे.

या परीक्षेत खरे ज्ञान आहे. स्प्रिंगच्या चाकूत पात्याचा बुडखा अशा बेताने घासावा लागतो की पाते पूर्ण उघडे असो वा मिटलेले, स्प्रिंगची पाठ मुठीच्या पाठीशी समपातळीत राहावी. काही चाकूंत पाते अर्धे उघडून थांबते. तिथेही ही पातळी साधणारा कारागीर उत्तम. कानसीचा एक हात जास्त फिरला की बुडखा वाया गेला. शेफील्डमध्ये स्वतःच्या छोट्या कामशाळेत बसून हे करणाऱ्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्यांची कदर करायला जो कान लागतो तो संग्राहकांनी कमावलेला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या निकषाबद्दल आहे. किंमत ठरवताना सर्वांत मोठे वजन असते ते ‘पूर्ण’ पात्याला, म्हणजे ज्याला सहाणेचा दगड कधी लागलाच नाही अशा पात्याला. धार लावून पाते अरुंद झाले की किंमत उतरते. चाकू ज्यासाठी घडवला, नेमके तेच त्याने केले असेल तर तो संग्राहकाच्या लेखी खराब झालेला असतो.

हे निकष ज्याला लावताच येत नाहीत असा एक चाकू आहे. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतातल्या आल्बिए-ल-व्ह्यू या डोंगराळ गावी, अवजारे घडवणाऱ्या घरातल्या जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या मुलाने १८९० मध्ये तो बनवला. बीच लाकडाची गोल मूठ, तिच्यात करवतीने पाडलेली चीर, एक पाते, एक खिळा आणि टोकाशी धातूचे कडे. स्प्रिंग नाही, म्हणून ‘बोल’ नाही. चाल म्हणाल तर ती लाकडाच्या घर्षणावर आणि हवेतल्या दमटपणावर अवलंबून. पावसाळी दिवसांत लाकूड फुगले की पाते निघत नाही. तेव्हा मुठीचा बुंधा टेबलावर ठोकायचा, पात्याचे टोक बाहेर डोकावते. या ठोक्याला तिकडे ‘साव्हुआकरांचा ठोका’ असे नावच आहे. दोषाला इतके लाडाचे नाव मिळणे हे मला त्या चाकूबद्दलचे सर्वांत बोलके प्रशस्तिपत्र वाटते.

१८९७ मध्ये या चाकूची १ ते १२ अशा क्रमांकांची मालिका झाली, १९०९ मध्ये मुकुटाखालचा हात हे चिन्ह आले. मोठी सुधारणा मात्र एकच झाली. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने कड्यावर फिरणारे दुसरे कडे बसवले, जे फिरवले की उघडे पाते मिटत नाही आणि बोट वाचते. बाकी रचना जवळजवळ तशीच राहिली. १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने शंभर उत्तम रचनांच्या वस्तूंत त्याची निवड केली. १९८९ मध्ये ‘ओपिनेल’ हा शब्द सामान्यनाम म्हणून लारूस शब्दकोशात गेला. मला विचाराल तर दुसरा मान मोठा. संग्रहालयात वस्तू निवडून घेतात, शब्दकोशात ती लोकांच्या तोंडून येते.

लागिओलची गोष्ट उलट आहे. ओब्राकच्या पठारावरच्या या जेमतेम हजार-बाराशे वस्तीच्या गावात पिएर-जाँ काल्मेल यांनी १८२९ मध्ये आपला चाकू बनवला. नागमोडी वळणाची मूठ, तीवर बसलेली स्प्रिंग, आणि १८८० च्या सुमारास बुचाच्या बाटल्यांसाठी जोडलेला मळसूत्री आकडा. स्प्रिंगच्या डोक्यावर मधमाशी कोरलेली असते आणि विक्रेते हमखास सांगतात की नेपोलियनने गावाला हे चिन्ह बहाल केले. नेपोलियन १८२१ मध्ये वारला. चाकू आठ वर्षांनी जन्मला, आणि माशी तर विसाव्या शतकातली. चाकूकारांच्या बोलीत स्प्रिंगच्या त्या टोकालाच ‘माशी’ म्हणतात. कारागिरीतल्या एका साध्या शब्दाला पुढे पंख आणि सम्राट चिकटले असावेत, असे मला वाटते. संग्राहक हे जाणतात, तरी कथा सांगतात. आपल्याकडे प्रत्येक जुन्या तलवारीला कुठल्या ना कुठल्या सरदाराचे नाव लागते, तसेच हे.

दरम्यान मोठे उत्पादन गावातून केव्हाच निघून तिएर या चाकूंच्या जुन्या शहरात गेले होते. गावाने १९८७ मध्ये नवा कारखाना उभारला. फिलिप स्टार्क यांनी आराखडा केलेल्या त्या इमारतीच्या छतातून १८ मीटर उंचीचे पाते आकाशात घुसलेले आहे. चाकूपेक्षा चाकूची जाहिरात मोठी, असा माझा अभिप्राय. पण गावाची घाई समजण्यासारखी होती. आकाराला संरक्षण नव्हते, नावालाही नव्हते. १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने ‘लागिओल’ हे नावच नोंदवून घेतले आणि परदेशात बनलेल्या वस्तूही त्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. २०१२ मध्ये गाव न्यायालयात हरले तेव्हा गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरच्या नावाच्या पाट्या उतरवल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. ओपिनेल एका घराण्याचा राहिल्यामुळे टिकला आणि लागिओल सर्वांचा झाल्यामुळे कोणाचाच उरत नव्हता. लोककलेची थोरवी तिच्या अनामिकतेत शोधणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी या खटल्याकडे जरूर पाहावे.

तिएरचे नाव आलेच आहे तर ज्या झिजेबद्दल संग्राहक बोलत नाहीत ती सांगतो. दुरोल नदीच्या काठी पाणचक्क्यांवर पात्यांना धार लावणारे कामगार फळीवर पालथे झोपून काम करत, खाली ओला दगड फिरत असे. हिवाळ्यात ऊब राहावी म्हणून पाठीमागे पायांवर कुत्रा बसवत. शेफील्डमध्ये दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन धारवाले तरुणपणीच खोकत मरत; कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांची गत सर्वांत वाईट. सूचीत पात्याची स्थिती टक्क्यांत मांडतात, तेव्हा ते शंभर टक्के कोणाच्या छातीतून आले, हा रकाना तिथे नसतो.

जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी दुमडलेल्या पितळी पत्र्याच्या मुठीचा. त्यालाही स्प्रिंग नाही. पात्याच्या बुडाला छोटी शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून उघडायचा आणि दाबूनच धरायचा. शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये टोकियोत समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत हत्या झाली आणि त्यानंतर मुलांच्या हाती पाते नको, अशी मोहीम देशभर उठली. हत्या झाली होती आखूड तलवारीने. शिक्षा दप्तरातल्या चाकूला. आज ते नाव वापरणारी एकच कामशाळा उरली आहे.

आपल्याकडे मिटणारा चाकू म्हटले की रामपुरीच आठवतो, तोही हिंदी चित्रपटातला. त्या एका खटक्याच्या आवाजाने बाकीचे सगळे चाकू आपल्या रसिकतेतून हद्दपार झाले. अडकित्त्याला पुण्याच्या केळकर संग्रहालयात मानाची जागा आहे, कारण तो पानाच्या तबकातून आला. आंब्याच्या कलमांचा चाकू कोणी मांडून ठेवलेला मी पाहिलेला नाही.

माझ्या वडिलांचा आहे माझ्याकडे. शिंगाच्या मुठीचा, एका पात्याचा, कारखान्याचा शिक्का पुसून गेलेला. एका संग्राहक मित्राला दाखवला. त्याने कानाशी नेला, मान हलवली, आणि पाते पाहून परत दिला: “साठ टक्केही उरलं नाही हो.” खरे आहे. पण ते सरसकट झिजलेले नाही. टोकाकडचा इंचभर भाग आत वळला आहे, बुडाकडे मूळ रुंदी जवळपास शाबूत आहे. खुंटाची साल चिरताना वडील पात्याचे टोकच वापरत, आणि धारही तेवढ्याच भागाला देत, पडवीच्या पायरीवर. पायरीलाही तिथे खळगा आहे.