गोंगाट कोणाचा?

अभिरुची ही व्यक्तिगत बाब आहे, असे आम्हाला सौंदर्यशास्त्राच्या तासाला शिकविले गेले. माझा अनुभव वेगळा आहे. कौंडण्यपूरला, वर्धेच्या काठी, आमच्या वस्तीत वामनदादा कर्डकांची गाणी कॅसेटवर वाजत. शब्द सर्वांना पाठ. पुढे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे आला आणि पंधराव्या वर्षी मी त्या ठोक्यावर बेभान नाचलो. महाविद्यालयात गेल्यावर मात्र मीच त्याला 'गोंगाट' म्हणू लागलो. पदवीबरोबर हा कानही मला मिळाला असावा.

नोकरी लागल्यावर चरणजितसिंगांची १९८२ सालची तबकडी ऐकण्यात आली. मुंबईच्या या सिनेवादकाने यमन, मालकंस असे दहा राग रोलँडच्या सिंथेसायझरवर आणि ताल देणाऱ्या यंत्रावर बसविले. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा समीक्षकांना तिच्यात शिकागोच्या अॅसिड हाउसची पूर्वखूण दिसली. यांत्रिक ठोका रागाखाली आला की प्रयोग, आणि भीमगीताखाली आला की गोंगाट!

वऱ्हाडात डफडे वाजविणे हे मांगवाड्याच्या माथी मारलेले काम होते. यंत्राच्या ठोक्यामागे असा नेमून दिलेला जातीचा हात नाही, हे मला मोलाचे वाटते. तरीही आजची पुष्कळशी रिमिक्स मी मानत नाही. वामनदादांचा शब्द त्यांत बुडतो, आणि शब्दासाठीच तर आमचे आजे रात्रभर जलशाला बसत. यंदा पोरांना एवढेच म्हटले : ठोका ठेवा, पण कडवे पूर्ण वाजू द्या. त्यांनी दोन गाण्यांपुरते ऐकले.