हरवलेली अक्षरे आणि संपादकाची जबाबदारी

वर्षावासात कुरखेडा (जि. गडचिरोली) येथील एका विहारात वंदना व सुत्तांची एक छोटी पुस्तिका आमच्या हाती आली. देवनागरीत पालि पाठ, त्याखाली रोमन लिप्यंतर आणि शेवटी मराठी अर्थ, अशी तिची मांडणी आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांनाही पाठ म्हणता यावा, हा हेतू स्तुत्य आहे. अर्थभागाची मराठी सुबोध आहे. मूळ पाठाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. रोमन ओळींत ठिकठिकाणी रिकामे चौकोन उमटले आहेत. कोठे स्वरांवरील आडव्या रेषा, तर कोठे व्यंजनांखालील टिंबे नाहीशी झाली आहेत. देवनागरी पाठात ‘पुञ्ञ’ हा शब्द सर्वत्र ‘पुण्ण’ असा छापला आहे.

हे किरकोळ मुद्रणदोष म्हणून सोडून द्यावेत काय? आमच्या मते नाही. ‘पुञ्ञ’ म्हणजे पुण्य. ‘पुण्ण’ म्हणजे भरलेला. ‘पञ्ञा’ म्हणजे प्रज्ञा. तेथे ‘न्न’ बसविला की ‘पन्न’, म्हणजे गळून पडलेला, या शब्दाचा भास होतो. रोमन लिपीत ‘मल’ आणि ‘माला’ यांतील भेद केवळ स्वरांवरील रेषांनी कळतो. पहिल्या शीलातील ‘पाणातिपाता’ या शब्दात ‘पाण’ म्हणजे प्राणी. टिंब गळाले की त्याचे ‘पान’, म्हणजे पेय, होते. ‘बुद्धं’ या पदातील निग्गहीत गेले की द्वितीया जाते आणि संबोधन उरते. शरणगमन राहत नाही, नुसती हाक राहते.

असे का घडते? खिळेजुळणीच्या काळात जुळाऱ्याच्या खणात खिळा नसला की त्याचा हात थांबत असे. उणीव तेथेच उघड होई. संगणकावरील व्यवहार निराळा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला संकेतांक असतो. त्याचा आकार मात्र फॉन्टमध्ये असावा लागतो. संकेतांक आहे पण आकार नाही, अशा वेळी चौकोन उमटतो, किंवा काही प्रणाली न विचारता दुसऱ्या फॉन्टमधील आकार घेतात. पेजमेकरच्या काळातील अनेक मराठी फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. म्हणून जुनी फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. इनडिझाइनमध्ये न सापडलेली अक्षरे गुलाबी रंगात दाखविली जातात, आणि छपाईपूर्व तपासणीत ती शोधण्याची सोयही आहे. परंतु ही तपासणी आपण स्वतः चालू करावी लागते. भारतीय लिप्यांसाठीचा ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडला नाही, तर वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात.

तथापि आमचा मुख्य आक्षेप यंत्रावर नाही. रिकामा चौकोन कुरूप असला तरी प्रामाणिक असतो. येथे काही हरवले आहे, हे तो सांगतो. खरा धोका ‘पुण्ण’चा आहे. अक्षर सापडले नाही म्हणून त्यासारखे दिसणारे वा ऐकू येणारे दुसरे बसविले, की पान सुबक दिसते आणि चूक पाठांतरात शिरते. कोणते अक्षर चालेल हा निर्णय अक्षरजुळणी करणाऱ्याचा नाही. तो पालि जाणणाऱ्या संपादकाचा आहे, आणि या पुस्तिकेत तो कोणी घेतलेलाच दिसत नाही.

भिक्खु जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली 1956 ते 1961 या काळात नालंदा येथून देवनागरी तिपिटकाचे 41 खंड निघाले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पाठ संगणकावर आणले. तेथे एकच पाठ अनेक लिप्यांत वाचता येतो, कारण प्रत्येक वर्णाची ओळख मुळात शाबूत ठेवली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पालि व्याकरण व कोश महाराष्ट्र शासनाने 1998 मध्ये सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात पालि शब्दांचे इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अर्थ आहेत. असे पान नव्याने जुळवायचे तर एक फॉन्ट पुरेलच असे नाही.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. फॉन्ट निवडण्यापूर्वी मजकुरातील सर्व अक्षरांची व जोडाक्षरांची यादी करावी आणि ती त्या फॉन्टमध्ये जुळवून पाहावी. देवनागरी पालि, रोमन व मराठी यांसाठी स्वतंत्र शैली ठरवाव्यात. अक्षर मिळाले नाही तर फॉन्ट बदलावा, अक्षर बदलू नये. मुद्रितशोधन पडद्यावर न करता छपाईला जाणाऱ्या अंतिम प्रतीवर करावे, आणि ते पाठ येणाऱ्यानेच करावे.

कुरखेडा परिसरात मराठीबरोबर गोंडीही बोलली जाते. उद्या पुस्तिकेत गोंडी अर्थ द्यावयाचा झाला, तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये 2017 मध्ये व गुंजाळा गोंडीला 2018 मध्ये स्थान मिळाले. पण संकेतांक मिळाला म्हणजे छापखान्यात अक्षर आले, असे होत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पालि व मराठी या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा दिला. त्या दर्जाचा मान आपल्या हातातल्या लहानशा पुस्तिकेपासून राखावा लागेल. प्रस्तुत पुस्तिकेची दुसरी आवृत्ती जरूर निघावी. तोवर पहिल्या आवृत्तीच्या शिल्लक प्रतींना एका पानाचे शुद्धिपत्र जोडावे, आणि त्यात पहिला शब्द ‘पुञ्ञ’ असावा.