न ठरलेल्या किमतीची बातमी

नवे ग्राफिक्स कार्ड बाजारात येण्याआधी सहा-आठ महिने त्याच्याबद्दल जे लिहिले-बोलले जाते, तो आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. तुम्ही गेम खेळत असाल, घरी व्हिडिओ एडिटिंग करत असाल किंवा तुमची मुलगी ब्लेंडर शिकत असेल, तर तो तुमच्या नजरेखालून गेलेला असणारच. सूत्रांच्या हवाल्याने एक तक्ता येतो. कोअर किती, मेमरी किती, वीज किती वॅट, जुन्यापेक्षा किती टक्के वेगवान, आणि शेवटच्या रकान्यात डॉलर. या सगळ्याला थापा म्हणून मोकळे होणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. त्या तक्त्याचा बराचसा भाग कामाचा असतो. खोट असते ती शेवटच्या रकान्यात.

एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० लास व्हेगासला ६ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झाले. ३२ जीबीची जीडीडीआर७ मेमरी आणि ५१२ बिटची बस या गोष्टी कितीतरी आधी फुटल्या होत्या आणि बरोबर निघाल्या. चिपचा आराखडा खूप आधी ठरतो, आणि बोर्ड बनवणाऱ्या, कूलर बनवणाऱ्या कंपन्यांना तो सांगावाच लागतो. गोष्ट अस्तित्वात असते, म्हणून ती फुटते.

वेगाचा अंदाजही त्याच तक्त्यातून काढता येतो, फक्त भागाकार करायची तयारी हवी. ४०९० मध्ये १६,३८४ कोअर होते, ५०९० मध्ये २१,७६०, म्हणजे एक तृतीयांश जास्त. उत्पादनप्रक्रिया टीएसएमसीची, जवळपास तीच. वीज ४५० वॅटवरून ५७५ वर. मग वेग दुप्पट कुठून होणार? परीक्षणे आली तेव्हा ४के रेझोल्यूशनला वाढ दिसली तीस टक्क्यांच्या आसपास. ५०८० चे तर आणखी सोपे होते. ४०८० सुपरचे कोअर १०,२४०, हिचे १०,७५२. पाच टक्क्यांचा फरक! तरीही हे कार्ड ४०९० ला मागे टाकणार अशी भाकिते होत होती. आकडे हातात असताना ती केली गेली, हा माझा खरा आक्षेप आहे. (जेन्सन हुआंग यांनी तर व्यासपीठावरूनच ५४९ डॉलरच्या ५०७० ला ४०९० च्या पंक्तीला बसवले. त्या हिशेबात प्रत्येक रेंडर केलेल्या फ्रेममागे एआयने तयार केलेल्या तीन फ्रेम धरल्या होत्या. ५०७० चे कोअर ६,१४४. भागाकार तुम्हीच करा.)

आता डॉलरच्या रकान्याकडे या. किंमत ही आराखड्यासारखी आधी ठरलेली, लपवून ठेवलेली वस्तू नसते. ती सगळ्यात शेवटी घेतला जाणारा निर्णय असते. २०१९ च्या जूनमध्ये एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटी ४४९ डॉलरला जाहीर केले. विक्री ७ जुलैला होती. मधल्या काळात एनव्हिडियाने सुपर कार्डे आणली, आणि विक्रीच्या दोन दिवस आधी एएमडीने किंमत ३९९ वर आणली. २०२२ मध्ये एनव्हिडियाने ४०८० चे १२ जीबीचे कार्ड ८९९ डॉलरला जाहीर केले, टीका झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतले आणि जानेवारीत ४०७० टीआय या नावाने ७९९ ला विकले. २०२५ च्या जानेवारीत एएमडीची ९०७० एक्सटी कार्डे दुकानदारांकडे पोचलीसुद्धा होती, पण किंमत कळली २८ फेब्रुवारीला, ५९९ डॉलर. तोवर एनव्हिडियाच्या किमती जगजाहीर झाल्या होत्या. स्वतः कंपनी जाहीर केलेली किंमत दोन दिवस आधी बदलते, तर सहा महिने आधी कुठल्या सूत्राला ती ठाऊक असणार?

पण चुकीची असली तरी ही अफवा निरुपद्रवी नसते. आपल्याकडे हापूसच्या मुहूर्ताच्या पेटीचा भाव दरवर्षी बातमीत येतो. मेमधल्या भावाशी त्याचा संबंध नसतो, पण आकडा डोक्यात बसतो आणि नंतरचा कुठलाही भाव रास्त वाटू लागतो. ५०८० चे नेमके हेच झाले. आधी बाराशे, क्वचित त्याहून जास्त डॉलरच्या वावड्या उठल्या. ९९९ जाहीर झाल्यावर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कौतुकही केले. वास्तविक वर्षभर आधी आलेले ४०८० सुपरही ९९९ लाच होते. आणि २०२० चे ३०८०? ६९९. स्वस्ताईचे समाधान तेवढे पदरात पडले, आणि ते कंपनीला एका पैशाची जाहिरात न करता मिळाले. कंपनीच अफवा पेरते असे मी म्हणत नाही. तिला पेरायची गरजच पडत नाही.

परदेशातल्या आपल्या घरांत हा डॉलरचा आकडा आणखी एक काम करतो. माझा भाचा पुण्यात ॲनिमेशन शिकतो. त्याचा मेसेज यायचा, "मामा, थांबू का घेऊ? तू येताना आणशील का?" त्याच्या मनात ९९९ गुणिले ८६ असा हिशेब. पण इथे न्यू जर्सीत वर साडेसहा टक्क्यांहून थोडा जास्त विक्रीकर लागतो, म्हणजे १,०६५ डॉलर, सुमारे ९१-९२ हजार रुपये. भारतात ५०८० ची जाहीर किंमत १,०७,००० होती, कर धरून. मधल्या पंधरा हजारांत कस्टम्सची धाकधूक आणि इथली वॉरंटी तिथे चालेल का हा प्रश्न. तेही इथल्या दुकानात ९९९ ला कार्ड मिळाले तर, आणि पहिले काही महिने ते मिळतच नव्हते. शिवाय तोवर त्याचे सबमिशन जुन्या लॅपटॉपवर रात्र-रात्र रेंडर होत होते. वाट पाहण्याची किंमत कुठल्याच तक्त्यात नसते.

२०२५ भर ५० सुपर मालिकेची चर्चा होती. ५०७० सुपरला १८ जीबी आणि ५०८० सुपरला २४ जीबी मेमरी, असे आकडे. ते पटण्यासारखे आहेत. ५०७० ची बस १९२ बिटची, म्हणजे ३२ बिटचे सहा मेमरी चिप. दोन जीबीचे सहा चिप म्हणजे आजचे १२, तीन जीबीचे सहा म्हणजे १८. ५०८० ला तसेच आठ चिप, म्हणून २४. तीन जीबीचे जीडीडीआर७ चिप आधीपासून मिळतातही. पण त्याच तक्त्यांत किमतीही छापल्या जात होत्या, पन्नास डॉलर इकडे-तिकडे. मग वर्षाच्या शेवटी एआय डेटा सेंटरांच्या मागणीने मेमरी भडकली, आणि २०२६ चा जानेवारीतला सीईएस मेळा एकही नवे डेस्कटॉप जीफोर्स कार्ड न दाखवता पार पडला. चिपांचे गणित अजूनही तंतोतंत जुळते. डॉलरचा रकाना मात्र ज्या मेमरीच्या भावावर बेतला होता, तो भावच आता उरलेला नाही.