बीट-आरओपीचा पेपर सिरोंच्यातून वाचायचा तर

पेपर नावाजलेला असला म्हणजे तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतो, असं नाही. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली बीट-आरओपी चाचणी हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

आरओपी हा वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाचा आजार. आधी त्यातली बायोकेमिस्ट्री बघा. दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या गर्भात असतानाच मध्यापासून कडेकडे वाढत जातात. बाळ लवकर जन्मलं की हे काम अर्धवट राहतं. त्यात बाहेर ऑक्सिजन गर्भापेक्षा कितीतरी जास्त. ऑक्सिजन भरपूर असला की एक एन्झाइम तो वापरून एचआयएफ या प्रथिनावर खूण करतं, आणि खूण झालेलं प्रथिन पेशी मोडून टाकते. एचआयएफ नाही, म्हणून वाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ कमी, म्हणून वाढ थांबते. काही आठवड्यांनी दृष्टिपटलाची गरज वाढते आणि वाहिन्या न पोचलेल्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो. आता एचआयएफ टिकून राहतं, व्हीईजीएफ उसळतं, वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात. शेवटी दृष्टिपटल ओढलं जाऊन सुटू शकतं.

या चाचणीत १५० बाळं होती. काहींना लेझर दिला, काहींच्या डोळ्यात व्हीईजीएफला बांधून ठेवणारं बेव्हासिझुमॅब टोचलं. आजार पुन्हा उलटला तो लेझरनंतर २२ टक्के डोळ्यांत आणि इंजेक्शननंतर फक्त ४ टक्के. बरेच जण इथेच पेपर मिटतात. तुम्ही मिटू नका.

पहिला मुद्दा: हा फायदा डोळ्याच्या अगदी मधल्या भागातल्या, म्हणजे झोन एकच्या आजारात ठळक होता. झोन दोनमध्ये फरक सिद्ध झाला नाही. दुसरा: औषधाची सुरक्षितता ठरवायला चाचणी लहान होती, हे लेखकांनी स्वतःच लिहिलंय.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लेझर वाहिन्या नसलेला भागच जाळतो, म्हणजे व्हीईजीएफ बनवणारा कारखानाच बंद करतो. इंजेक्शन फक्त तयार माल उचलतं. कारखाना चालूच राहतो. म्हणून औषध ओसरल्यावर आजार उशिरा परत येऊ शकतो. पेपरमधले आकडेही तेच सांगतात: उलटलेला आजार लेझरनंतर सरासरी सुमारे ६ आठवड्यांनी दिसला, इंजेक्शननंतर १६ आठवड्यांनी. आणि मुख्य मोजमाप कधी? गर्भवय ५४ आठवडे झाल्यावर. ज्या उपचारानंतर आजार उशिरा उलटतो, त्याची मोजणी ठरलेल्या दिवशी थांबवली तर ४ टक्क्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही.

आता हे गडचिरोलीत आणून बघा. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणाहून सुमारे २०० किलोमीटर. बाळ घरी गेलं, पावसाळ्यात नाले भरले, तर चौथ्या महिन्यातली तपासणी कोण करणार? तपासणी चुकली तर इंजेक्शनचा फायदाच उलटा पडू शकतो. शिवाय चाचणीतली बाळं १५०० ग्रॅमपर्यंतची होती. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शनात २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचेही डोळे तपासायला सांगितलंय, कारण इथे थोड्या मोठ्या बाळांनाही हा आजार होतो.

म्हणून इंजेक्शन वाईट, असं नाही. झोन एकमध्ये त्याने दृष्टी वाचू शकते. पण निवड करताना रेणूसोबत रस्ताही मोजावा लागतो. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत नवजात बाळांची देखभाल घरी नेली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी असल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडलं. तिथे बाळ दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नव्हती, कार्यकर्ती घरी जात होती. जगलेल्या बाळाच्या डोळ्यांसाठीही तसाच पाठपुरावा हवा.

प्रपोजल लिहिताना कुठल्याही उपचाराच्या पेपरला दोन प्रश्न विचारा. हा उपचार कारण थांबवतो की परिणाम? आणि तुमची मोजणी थांबते, तेव्हा ते कारण अजून जिवंत असतं का?