काचेखालची वही : मुंबईतील कलासंग्रहालय आणि मराठी चित्रविचार

समकालीन कलासंग्रहालयाला दिलेली भेट ही एक वाचनक्रिया आहे, हे गृहीतक तौलनिक साहित्याभ्यासात आता रुळले आहे. दालनांचा क्रम हा संहितेचा क्रम, भिंतीवरील मजकूर हा निवेदक आणि प्रेक्षक हा वाचक, अशी समीकरणे सहज मांडली जातात. मात्र हे वाचन कोणत्या भाषेत होते आणि त्याचा क्रम कोण ठरवते, या प्रश्नांची चर्चा त्या मानाने विरळ आहे. मुंबईत हे दोन्ही प्रश्न प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांच्या निमित्ताने एकत्र आलेले दिसतात.

कलावस्तूंशी आजच्या प्रवाशाची पहिली गाठ पुष्कळदा विमानतळावरच पडते. लखनौजवळील अमौसी येथे मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या तिसऱ्या टर्मिनलच्या सजावटीत चिकनकारीचे आकृतिबंध योजलेले आहेत. मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये २०१४ पासून राजीव सेठी यांच्या संकल्पनेतील ‘जय हे’ हा सुमारे ३ किलोमीटर लांबीचा कलाभिंतींचा प्रकल्प आहे. अमौसीला हस्तकला हे प्रदेशाचे ओळखपत्र ठरते, तर मुंबईत तिला संग्रहालयाची प्रतिष्ठा मिळते. दोन्हीकडचा प्रेक्षक मात्र घाईतला असतो आणि त्याच्याकडून कोणत्याही भाषेची अपेक्षा केली जात नाही. हस्तकलेशी असलेला बरवे यांचा संबंध याहून निराळा होता. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात होते. तेथील वास्तव्यात त्यांचा तांत्रिक प्रतीकांशी परिचय झाला. वस्त्रावरील आकृतिबंध आणि चित्रातील प्रतिमा यांच्यातील अंतर त्यांनी व्यवसाय म्हणूनही अनुभवले होते.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा १९९६ मध्ये सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाली. सभा, व्याख्याने आणि मैफली यांसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वास्तूचा आतील भाग पुनर्रचनेत चढत्या, अर्धवर्तुळाकार दालनांचा झाला. प्रेक्षक जिन्याने वर वर जातो आणि शेवटी घुमटाखाली पोहोचतो. एका अर्थाने ही इमारतच प्रेक्षकाला क्रमाने वाचायला लावते. मागचे पान चाळायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये येथे ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ या इंग्रजी शीर्षकाने बरवे यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. चित्रांबरोबर त्यांच्या दैनंदिन्या आणि टिपणेही त्यात होती.

तौलनिक अभ्यासकाला येथेच थांबावे लागते. बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ हा ग्रंथ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या चित्रकाराने आठवणी सांगाव्यात, अशा स्वरूपाचे ते लेखन नाही. वस्तू, तिची प्रतिमा आणि चित्रातील अवकाश यांच्या परस्परसंबंधांचा तो मराठीत केलेला विचार आहे. पान, शिंपला, घड्याळ यांसारख्या साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत सपाट अवकाशावर सुट्या, जवळजवळ व्याकरणातील पदांसारख्या मांडलेल्या असतात. त्या वाचण्याची परिभाषा त्यांनी स्वतःच घडवली, आणि ती मराठीत घडवली. संग्रहालयात मात्र लेखन काचेखाली जाते. वहीचे एकच पान उघडे राहते आणि विचाराचे रूपांतर चरित्रविषयक पुराव्यात होते. प्रेक्षक हस्ताक्षर पाहतो. वाक्य वाचीलच असे नाही. मराठी न जाणणाऱ्याला ते वाक्य म्हणजे आणखी एक आकृती. इंग्रजी अनुवादाने ही उणीव काहीशी भरून निघते, पण ‘अवकाश’ या शब्दात जागा आणि सवड हे जे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ते इंग्रजी प्रतिशब्दात टिकत नाहीत.

याउलट ओरहान पामुक यांचे उदाहरण बोलके आहे. त्यांची ‘मासुमियेत म्युझेसी’ ही तुर्की कादंबरी २००८ मध्ये आली आणि त्याच नावाचे संग्रहालय इस्तंबूलमध्ये २०१२ मध्ये उघडले. प्रवेशपत्रिका कादंबरीच्या पानावरच छापलेली आहे. म्हणजे वाचक असणे हीच तेथे प्रवेशाची पात्रता ठरते. अर्थात पामुक यांनी ग्रंथ आणि वास्तू दोन्ही स्वतः रचली. बरवे यांना ती संधी नव्हती. तरीही ‘कोरा कॅनव्हास’ वाचलेला मराठी वाचक घुमटाकडे चढताना जे पाहतो, त्याची नोंद घेणारी कलासमीक्षा मराठीत फारशी झाली नाही. हा दोष संग्रहालयाच्या माथी मारता येणार नाही. मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासाने चित्रकारांचे गद्य साहित्यविचाराच्या कक्षेत क्वचितच घेतले.

दुसरा प्रश्न, वाचनाचा क्रम कोण ठरवते हा, त्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनसमारंभात उपस्थित झाला. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी अमोल पालेकर यांनी भाषणात मुंबई आणि बंगळूरू येथील स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बंद झाल्याचा उल्लेख केला. बहुतेक मजले संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहाला देऊन बाहेरच्या प्रदर्शनांसाठी केवळ घुमटाचे दालन ठेवण्याच्या कथित निर्णयाबद्दलही ते बोलू लागले. तेव्हा त्यांना वारंवार अडवण्यात आले आणि बरवे यांच्यापुरतेच बोलण्यास सांगण्यात आले. या सूचनेतील विसंगती लक्षणीय आहे. चित्रावकाशात कोणत्या वस्तूला किती जागा मिळावी आणि ती कोणाशेजारी असावी, याचाच विचार ज्या चित्रकाराने आयुष्यभर केला, त्याच्या प्रदर्शनात मजल्यांच्या वाटपाचा प्रश्न विषयांतर मानला गेला. पालेकर हे स्वतः सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी मांडलेला मुद्दा प्रशासकीय होता, हे खरे. पण कोणत्या मजल्यावर काय असेल हे ठरवणारी मंडळी शहरातील चित्रकार आहेत की दूरचे अधिकारी, यावर त्या पायऱ्यांवरील वाचन अवलंबून राहते.